बेमालूम

माझ्या बाबांना बाजारात खऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. सगळे त्यांना ‘बेमालूम’ म्हणायचे. हे नाव पडलं दुकानाच्या पाटीवरून. ‘कोट, शाल, स्वेटर यांना बेमालूम रफू करून मिळेल’ असं तिच्यावर रंगवलेलं होतं. उन्हाने बाकीची अक्षरं कधीच उडाली होती आणि रंगाऱ्याने जाड काढलेला तो एकच शब्द शिल्लक राहिला होता. नवा माणूस पाटी वाचून आत डोकवायचा आणि हे नक्की कसलं दुकान आहे असं विचारायचा. बाबा काही पाटी पुन्हा रंगवून घेत नव्हते. ज्याला काम आहे त्याला दुकान सापडतंच, असं त्यांचं म्हणणं.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. एक टेबल, एक स्टूल, रस्त्याकडची काचेची खिडकी, आणि वरून कुणी उतरलं की डोक्यावर पडणारी धूळ. रफूचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोटाला सिगारेटचं भोक पडतं किंवा कसर लागते. रफू करणारा त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढतो, नाहीतर रिळातला तसाच धागा जुळवतो, आणि सुईने एक वर, एक खाली असे विणत भोक भरतो. ठिगळ वेगळं आणि रफू वेगळं. दोन्ही एकच समजणाऱ्या माणसाशी बाबा दिवसभर बोलत नसत. गिऱ्हाईक कोट न्यायला आलं की ते तो टेबलावर पसरायचे आणि म्हणायचे, “दाखवा बघू, कुठे होतं?” गिऱ्हाईक वाकून शोधायचं, कोट उजेडात धरायचं. बाबा तोवर रस्त्यावरची वर्दळ बघत बसायचे, जणू या प्रकाराशी आपला काही संबंधच नाही. शेवटी गिऱ्हाईक हात टेकायचं. आयुष्यात त्यांनी एवढीच काय ती चैन केली.

पंचाईत अशी की ही सवय दुकानात थांबली नाही. घरातलं भोकसुद्धा त्यांना उघडं बघवत नसे. ओल आलेल्या भिंतीवर कॅलेंडर, मोडक्या खुर्चीवर उशी, आणि उशीची फाटकी बाजू भिंतीकडे. कुणी ‘कसं काय?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, “उत्तम.” अंगात ताप असला तरी उत्तम, घरमालकाने खोली सोडा म्हणून तगादा लावला तरी उत्तम. आई म्हणायची, हे पाण्यात गटांगळ्या खात असले आणि कुणी काठावरून विचारलं, तरी हात वर करून उत्तमच म्हणतील. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. तिला लपवाछपवीला वेळ नव्हता आणि तोंडही फटकळ होतं. मी तिच्यावर गेले आहे.

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी माझ्यामागे एक काम असे. जाड कापडाच्या गादीवर चाळीस सुया टोचलेल्या असायच्या आणि शेजारी रंगीत धाग्यांची रिळं. त्या सगळ्या सुया ओवून ठेवायच्या. हे काम दीड वर्षापूर्वी अचानक माझ्या गळ्यात पडलं होतं. दर वेळी हातातलं टाकून सुई ओवण्यात फार वेळ जातो, असं बाबांनी सांगितलं आणि मी मान डोलावली. कुरकुर मात्र रोज करायचे.

शाळेच्या शेवटच्या वर्षी मला भूशास्त्राचं वेड लागलं. ते शिकवणारं चांगलं कॉलेज दुसऱ्या शहरात होतं, म्हणजे फीबरोबर वसतिगृहही आलं. बाबांना सांगितलं तर ते हसले. “बरं आहे,” म्हणाले, “दगडाला रफू लागत नाही.” प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा त्याला फीचा एक तक्ता जोडलेला होता. बाबांनी तो कागद आधी लांब धरला, मग जवळ घेतला, मग घडीवर घडी घालून खिशात टाकला. “होईल,” एवढंच म्हणाले. ‘होईल’ हा ‘उत्तम’चा सख्खा भाऊ, हे मला चांगलं ठाऊक होतं. 

मी शाळेच्या ग्रंथपाल बाईंकडे गेले. त्यांच्याकडे एक फुगलेली फाईल असायची. शिष्यवृत्तीची कुठलीही जाहिरात दिसली की बाई ती कापून त्यात ठेवायच्या. त्यांनी मला समोर बसवलं आणि नोकरीवर घेतल्यासारखं काम सांगितलं. शाळा सुटल्यावर रोज दोन तास शोधायचं. एका मोठ्या कागदावर शिष्यवृत्तीचं नाव, शेवटची तारीख आणि लागणारी कागदपत्रं लिहायची. छोट्या रकमेच्या सोडायच्या नाहीत, कारण तिथे गर्दी कमी. आणि जो अर्ज भरण्यासाठीच पैसे मागतो त्याच्या वाटेला जायचं नाही.

मला वाटलं होतं, हुशार असलं की मिळते शिष्यवृत्ती. फाईल उघडली आणि माझा भ्रम गेला. जगात हुशारी सोडून बाकी सगळ्यासाठी पैसे होते. खलाशांच्या मुलांसाठी होते, जुळ्यांसाठी होते, सहा फुटांहून उंच मुलींसाठी होते. एक डावखुऱ्यांसाठी होती आणि तिच्यासाठी मी आठवडाभर डाव्या हाताने लिहून पाहिलं. शेवटी बाईंनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. एकीला मधमाश्यांवर निबंध हवा होता. मी मधमाश्यांवर निबंध लिहिला. मला मधमाशी दोनदा चावली आहे, याखेरीज त्या विषयातलं मला काही कळत नव्हतं, आणि परीक्षकांनाही ते कळलं असावं.

खरी आशा होती ती गरजू मुलांसाठी असलेल्या शिष्यवृत्त्यांची. त्यातल्या पहिल्या अर्जात विचारलं होतं, ‘आपल्या कुटुंबाच्या अडचणींविषयी लिहा.’ मी दोन पानं लिहिली. खोलीची ओल लिहिली, आईची कंबरदुखी लिहिली, दुकानात काम कमी झालंय तेही लिहिलं. बाबा म्हणाले, मोठ्याने वाच. ते खिडकीत डोळे मिटून बसले आणि मी वाचत गेले. पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला. भिंतीची ओल कशाला लिहायची, कॅलेंडर आहे ना तिच्यावर? आईच्या कंबरेशी कॉलेजचा काय संबंध? काम कमी झालंय हे तर साफ खोटं, म्हणाले. काही नाजूक काम ते हल्ली स्वतःच परत पाठवत होते, धागा जुळत नाही म्हणून. एकेक वाक्य त्यांनी इतक्या सफाईने काढलं, आणि जागा मोकळी दिसू नये म्हणून दुसरं घातलं, की शेवटी आम्ही एक सुखी, समाधानी, जरा पैसेवालंच कुटुंब दिसू लागलो. मी वाद घातला. ते म्हणाले, “परक्यासमोर फाटकं घालून उभं राहायचं नसतं.” मी तेच पाठवलं, कारण मला त्यांचं मन मोडवेना. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ‘गरज सिद्ध होत नाही.’

दुसऱ्या ठिकाणी अर्जाऐवजी माणूस घरी येणार होता. एक बाई पाहणी करायला येणार असं पत्र आलं, आणि बाबांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. शेजाऱ्यांच्या दोन खुर्च्या आल्या, वरच्या मजल्यावरून कपबश्या आल्या, टेबलावर कुणाची तरी फूलदाणीसुद्धा आली. मी आईकडे बघत होते. आईने कपाळावर हात मारला आणि ती कामावर निघून गेली. पाहणीच्या बाई दहा मिनिटं बसल्या, चांगल्या कपातून चहा प्यायल्या, आणि काही अडचण आहे का असं त्यांनी सरळ बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, “उत्तम चाललंय.” बाईंनी वही मिटली.

त्या दिवशी मी बाबांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून भांडले. माझं कॉलेज तुमच्या या उत्तमपायी जाणार, असं म्हणाले.  उसनी फूलदाणी दोन्ही हातांनी धरून ते ती परत द्यायला गेले, आणि जाताना दाराच्या चौकटीला खांदा घासला. मी रागात होते, त्यामुळे तेही त्यांच्या बेपर्वाईत जमा केलं.

आता माझ्या कागदावर एकच नाव उरलं होतं. कापडाच्या धंद्यातल्या लोकांचं एक मंडळ होतं. शिंपी, रंगारी, धोबी, रफूवाले, अशांच्या मुलांपैकी दरवर्षी तिघांचा चारही वर्षांचा खर्च ते उचलत असे. हे माझ्यासाठीच काढलंय असं वाटावं असं सगळं होतं. कॉलेजने जागा पक्की करायला जी तारीख दिली होती तिच्या नऊ दिवस आधी मुलाखत होती. इथे नाही झालं तर जागा प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी जाणार, हे मी रोज कागदावर बोट ठेवून वाचत होते, जसं काही वाचल्याने तारीख पुढे सरकेल. जेवण जात नव्हतं. आई म्हणायची, दगडांचा अभ्यास करायचा तर आधी पोटात दगड कशाला.

त्या अर्जात नववा प्रश्न असा होता: ‘येत्या चार वर्षांत पालकांच्या कमाईत घट होण्याची शक्यता आहे काय? असल्यास कारण लिहा.’ मी तो बाबांना वाचून दाखवला. त्यांचा हात खिशाकडे गेला. मग म्हणाले, “‘नाही’ लिही.” मी ‘नाही’ लिहिलं, त्यांच्यासमोर अर्ज धरला, सहीची जागा दाखवली आणि त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाई अर्ज तपासत होत्या. त्या शेवटच्या पानावर थांबल्या. सहीसाठी मोठा रिकामा चौकोन होता आणि बाबांची सही त्याच्या वर, छापील मजकुरावर चढलेली होती. बाईंनी चष्मा काढला. “तुझ्या बाबांना दिसतं ना गं नीट?” त्यांनी विचारलं.

मी दिसतं म्हणणार होते. तोंडही उघडलं होतं. मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. चाळीस सुया. मोठ्याने वाच. लांब धरलेला आणि मग जवळ घेतलेला कागद. न जुळणारे धागे. दाराची चौकट. दीड वर्ष मी रोज सकाळी कुरकुरत त्यांना सुया ओवून देत होते आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की हा माणूस स्वतः का ओवत नाही.  मी बाईंना म्हटलं की जागा बघून सही करायची राहिली, आणि तिथून निघाले.

मी सरळ इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेले. तिथे वाफ असते आणि यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं. आईने चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, म्हणजे बोलता बोलता घडीही होईल. मी विचारलं, “बाबांना दिसत नाही का?” तिने चादर ताणली. म्हणाली, दोन वर्षं होतील आता. डॉक्टरांनी सांगितलंय, वाढत जाणार. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. “तू विचारलंस कधी?” आई म्हणाली. “त्यांनी मला शपथ घातली होती, सांगायचं नाही म्हणून. विचारलं असतंस तर मी खोटं बोलले नसते.”

मी म्हटलं की आता नवव्या प्रश्नाचं उत्तर बदलते. आईने घडी माझ्या हातातून काढून घेतली. मंडळाच्या निवड समितीत गावातल्या मोठ्या लाँड्रीचे मालक होते. बाबांच्या दुकानात येणारं जवळजवळ सगळं काम त्यांच्याकडून यायचं. त्यांना कळलं तर ते उद्या काम थांबवतील, आणि त्यात त्यांची चूकही नाही. आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या हातात गिऱ्हाइकाचा महागाचा कोट कोण देईल? आणि मिळालीच नाही शिष्यवृत्ती, तर दोन्हीकडून गेलं. आई म्हणाली, तू ठरव, मी नाही सांगणार.

मी उत्तर बदललं नाही. अर्ज ‘नाही’ लिहूनच गेला. मी विचार करून तसं केलं असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं सांगायचं तर मी घाबरले. त्यानंतर सुया ओवताना माझं लक्ष बाबांकडेच असायचं. मी इथून गेले तर ह्या कोण ओवणार, हा प्रश्न तोवर मला पडलाच नव्हता. आता तो कॉलेजच्या तारखेपेक्षा जास्त छळू लागला. बाबा समोर बसून माझ्या आवाजाच्या दिशेने बघत असायचे. माझ्या कानाकडे बघताहेत असं वाटायचं. मला आठवलं, हे असं बरेच दिवस चाललं होतं.

मुलाखतीला पालकांना बरोबर आणायचं होतं. जागा होती एका कापडाच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. नव्या कोऱ्या कापडाचा वास जिन्यापर्यंत येत होता. बाहेरच्या बाकावर आमच्याआधी पाच जण बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल.  शेजारी एक मुलगी होती, आई कापड रंगवायच्या कारखान्यात असलेली. तिच्या आईचे हात कोपरापर्यंत भाजून गेलेले होते. ते बघून मला दया यायला हवी होती. मला आधी भीती वाटली की ही माझी जागा घेणार. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

आत तिघं होते. मध्ये अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या आणि मोजकं बोलणाऱ्या. डावीकडे टिपणं घेणारे एक गृहस्थ. उजवीकडे लाँड्रीचे मालक. त्यांनी बाबांना बघताच खुर्चीतून उठून नमस्कार केला. मला समितीने दगडांविषयी तीन-चार प्रश्न विचारले आणि मी उत्तरं दिली. चांगली दिली असावीत, कारण अध्यक्षबाई एकदा हसल्या. मग त्यांनी अर्जाची पानं उलटली आणि मालकांना विचारलं, या कुटुंबाला तुम्ही ओळखता ना.

“ओळखतो म्हणजे काय,” मालक म्हणाले. “यांच्यासारखा हात या गावात दुसरा नाही. माझा नाजूक माल डोळे मिटून यांच्याकडे पाठवतो. अजून वीस वर्षं तरी बघायला नको.”

ते मनापासून बोलत होते. त्यांना वाटत होतं, आपण माझं भलं करतोय. टिपणवाल्यांनी लिहून घेतलं. अध्यक्षबाईंनी नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं, माझं ‘नाही’ वाचलं आणि हळूच मान हलवली. त्या म्हणाल्या, मुलगी हुशार आहे यात शंका नाही, पण जागा तीनच, आणि बाहेर अशी घरं बसली आहेत जिथे कमाई थांबलीय. जिथे हात चालतो आहे तिथे पुढच्या वर्षी विचार करता येईल. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, असं त्या मला अगदी प्रेमाने म्हणाल्या.

 एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तोच नेहमीचा, कोट टेबलावर पसरल्यावरचा भाव होता. मी तोंड मिटलं. फाईलची नाडी बांधू लागले.

“बाई,” बाबा म्हणाले, “नवव्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय.”

अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणाचं चुकलंय.

“माझं. ती विचारत होती, मी ‘नाही’ लिहायला लावलं.” त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि टेबल चाचपून त्यावर ठेवला. डॉक्टरांचा होता. घड्यांवर फाटत आला होता. म्हणजे तो ते दोन वर्षं खिशात घेऊन फिरत होते. “मला दिसत नाही. म्हणजे तुम्ही तिघं बसलाय ते कळतं, कडेकडेचं दिसतं. मधोमध काही नसतं. सुया ही ओवून देते. तिला वाटतं, माझा वेळ वाचावा म्हणून.”

 मालकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “आणि मागच्या महिन्यातला तो राखाडी कोट?”

“बोटांनी केला. उलटा करून बघा, कळेल.”

“मला सांगायचंत,” मालक म्हणाले.

“सांगितलं असतं तर कोट दिला नसतात,” बाबा म्हणाले.

अध्यक्षबाईंनी कागद वाचला, टिपणवाल्यांकडे सरकवला, आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने टिपणवाले बाहेर येऊन म्हणाले की निर्णय पत्राने कळेल. आम्ही निघालो. जिन्यापाशी बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजवर ते नेहमी भिंतीच्या बाजूने चालत, आणि मला वाटायचं ती त्यांची ढब आहे. “किती पायऱ्या आहेत?” त्यांनी विचारलं. मी मोजल्या. अठरा होत्या. उतरताना मी प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत गेले, आणि खाली पोचलो तेव्हा मला रडू फुटलं. बाबा म्हणाले, अगं, आता रडायचं काय, जे फाटायचं ते फाटलं. मग म्हणाले, “तुला माहीत होतं ना? सुया गेले काही दिवस वाकड्या टोचलेल्या असायच्या.”

त्यानंतरचे सहा दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. टपालवाल्याची सायकल वाजली की मी दाराकडे धावायचे. लाँड्रीतून येणारं काम दुसऱ्याच दिवशी थांबलं होतं. मालक स्वतः येऊन, खाली मान घालून, दोन शाली आणि एक कोट परत घेऊन गेले. म्हणजे काम गेलं होतं आणि पत्र आलं नव्हतं. आईने इस्पितळात दुसरी पाळी मागितली. बाबा दुकान उघडून रिकाम्या टेबलापाशी बसायचे, आणि कुणी ‘कसं काय?’ विचारलं तर आता ‘उत्तम’ म्हणत नव्हते. “बघतोय,” म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे. मला ते हसणं सोसवत नव्हतं. माझ्यापायी एका माणसाचा धंदा गेला, असं मला सारखं वाटे, आणि सातव्या दिवशी पत्र आलं तेव्हा ते आईने फोडलं.

शिष्यवृत्ती मिळाली. चारही वर्षांची. रंगकाम करणाऱ्या बाईंच्या मुलीलाही मिळाली, ती पुढे माझ्याच वसतिगृहात आली. मालकांनी पुढे जाड काम पाठवायला सुरुवात केली, घोंगड्या, तंबूचं कापड, पिशव्यांचे बंद. बाबा मोठ्या नेढ्याच्या सुया घेऊन आले. त्या त्यांना बोटांनी ओवता यायच्या, वेळ लागायचा. नाव मात्र बाजारात तेच राहिलं.

मी निघायच्या आदल्या दिवसाची गोष्ट सांगून थांबते. कॉलेजचं शहर थंड होतं, म्हणून आईने कुणाचा तरी वापरलेला निळा कोट मिळवला होता. त्याच्या बाहीला कोपरापाशी कसर लागलेली होती. बाबांनी दोन दिवस त्याला कुणालाच हात लावू दिला नाही. दुपारच्या उजेडात खिडकीपाशी बसून त्यांनी त्याला रफू केलं, आणि मग मला दुकानात बोलावून तो टेबलावर पसरला.

“दाखव बघू,” म्हणाले, “कुठे होतं?”

रफू दारातूनसुद्धा दिसत होतं. धागा तपकिरी होता. वीण एका बाजूला गोळा झाली होती आणि मध्ये चांगलं टेंगूळ आलं होतं. मी कोट उचलून उजेडात धरला, उलटसुलट केला, गिऱ्हाइकं करायची तशी वाकून शोधलं. बाबा रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

“सापडत नाही, बाबा,” मी म्हटलं.

“खोटं बोलतेस,” ते म्हणाले. “मला बोटाला लागतंय, आणि तुला डोळ्यांना दिसत नाही?”

त्यांनी चाचपून माझा हात शोधला, माझं बोट धरलं आणि नेमकं त्या टेंगळावर नेऊन ठेवलं.

“इथे आहे,” बाबा म्हणाले. “कुणी विचारलं तर दाखवायचं.”

चार वर्षांत तिघांनी विचारलं. तिघांनाही मी दाखवलं.